रोम, पाँपेई आणि पडक्या भिंती : वडिलांना नेमके काय दाखवावे?

मोजपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये आई-वडिलांना घेऊन इटलीला जाण्याचे ठरले आहे. पाच दिवस रोममध्ये आणि तीन दिवस नेपल्समध्ये मुक्काम असेल. तिकिटे, व्हिसा आणि हॉटेले यांची व्यवस्था झाली असून माझी अडचण वेगळीच आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी एका सहलीबरोबर रोमला गेलो होतो. कलोसियमपुढे बस थांबली, चाळीस मिनिटांत छायाचित्रे काढून झाली आणि फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आम्हाला वरच्या रस्त्याच्या कठड्यावरूनच दाखवण्यात आला. मार्गदर्शकाने बोट करून "ते शनीचे देऊळ" असे सांगितले. मला आठ खांब आणि पुष्कळ गवत एवढेच दिसले. घरी परतल्यावर छायाचित्रे चाळताना कोणता ढिगारा कोणत्या देवाचा, हेही सांगता येईना.

वडील ७४ वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, पडक्या भिंतीच पाहायच्या असतील तर त्या आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यासाठी पासपोर्टवर शिक्का कशाला हवा? आईला चित्रे आणि चर्च यांची आवड असल्याने तिची चिंता नाही, मात्र तिचे गुडघे दुखतात. वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे खरोखरच उत्तर नाही. अवशेषांपुढे उभे राहिल्यावर नेमके काय पाहायचे असते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. "पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते" अशा याद्या आंतरजालावर पुष्कळ आहेत, त्या नकोत.

दूरदेशी

मी गेली काही वर्षे उत्तर इटलीत राहतो. पाहुणे आले की रोमची वारी ठरलेलीच असते. मोठ्या प्रश्नाचे उत्तर इतर सदस्य देतील; मी व्यवहाराचे तेवढे सांगतो.

कलोसियमचे तिकीट नावानिशी निघते आणि ते प्रवेशाच्या साधारण महिनाभर आधी विक्रीस येते, त्यामुळे तारखेवर लक्ष ठेवा. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडी यांचाही समावेश असतो. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहा. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते, आडनाव कधी पुढे तर कधी मागे जाते आणि दारावर घोळ होतो. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराला २०२३ च्या जुलैपासून तिकीट लागू झाले आहे. पाँपेईतही आता दिवसाला २०,००० पर्यटकांची मर्यादा असून तेथील तिकीटही नावानिशीच असते. नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असते, आणि तीन दिवसांच्या मुक्कामात नेमका तोच दिवस संग्रहालयासाठी राखून ठेवणारे पाहुणे मी पाहिले आहेत.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळखांब आहेत, त्यांतून थंड आणि पिण्यायोग्य पाणी अखंड वाहत असते.

शिळाप्रेमी

मोजपट्टी, आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक तो टाळतात. "येथे सीझर चालत असे" असे सांगितल्याने गवतातले आठ खांब बोलू लागत नाहीत.

मी तीन वेळा रोमला गेलो आणि तिसऱ्या खेपेला मला एक युक्ती सापडली. "हे कोणी बांधले?" हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक वास्तूपुढे "हे अजून उभे कसे?" असे विचारायचे. रोममधील बहुतेक वास्तू आपोआप पडलेल्या नाहीत. त्या लोकांनी हाताने, हिशेबाने आणि शतकानुशतके उतरवून नेल्या. ज्या वाचल्या, त्या बहुधा कोणाच्या तरी उपयोगी पडत राहिल्या म्हणून वाचल्या.

फोरममध्ये शिरल्यावर अँटोनिनस आणि फाउस्टिना यांचे मंदिर शोधा. इ. स. १४१ मध्ये बांधलेल्या या मंदिराचे सहा खांब समोर आहेत आणि त्यांच्या मागे एक चर्च बसवलेले आहे. त्या चर्चचे दार पाहा. ते पायऱ्यांपासून बरेच वर, अधांतरी आहे. आज त्यातून कोणी बाहेर पडले तर थेट खाली कोसळेल. याचे कारण असे की, चर्च बांधले त्या काळी जमीन त्या दाराच्या पातळीला होती. गाळ, राडारोडा आणि कचरा यांनी फोरम इतका भरून गेला होता, की लोक त्याला ‘काम्पो वाच्चिनो’, म्हणजे गुरांचे कुरण म्हणत. आज आपण जेथे उभे राहतो, ती फरशी एकोणिसाव्या शतकापासूनच्या उत्खननांनी मोकळी केलेली आहे. म्हणजे ते दार एका काळाची जमीन दाखवते आणि आपले पाय दुसऱ्या काळाच्या जमिनीवर असतात. त्याच खांबांच्या वरच्या भागात तिरप्या खाचा दिसतील. दोर अडकवून खांब पाडण्याचा प्रयत्न झाला, त्याच्या त्या खुणा असाव्यात असे मानले जाते. खांब पडले नाहीत आणि देऊळ चर्चच्या आश्रयाने राहिले.

त्यानंतर सिनेटचे सभागृह, म्हणजे क्युरिया, पाहा. इ. स. २८३ च्या आगीनंतर डायोक्लेशियनने ते पुन्हा बांधून काढले आणि ६३० च्या सुमारास त्याचे चर्च झाले, म्हणूनच आज त्याला चार भिंती आणि छप्पर आहे. त्याची मूळ कांस्याची दारे मात्र तेथे नाहीत. सतराव्या शतकात ती लॅटरन येथील मोठ्या चर्चला नेऊन बसवण्यात आली. ते चर्च आपल्या आईच्या यादीत असेलच, तेव्हा वडिलांनाही सोबत न्या आणि मुख्य दारापाशी थांबवा.

कॅपिटोलाइन टेकडीवरील मार्कस ऑरेलियसच्या अश्वारूढ पुतळ्याची गोष्ट याहून गमतीची आहे. प्राचीन रोममधील असे बहुतेक कांस्यपुतळे वितळवले गेले. हा वाचला, कारण मध्ययुगात लोकांना तो ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइनचा वाटत होता. चुकीच्या ओळखीने एखाद्याचा जीव वाचावा, तसेच हे झाले. चौकात आज प्रतिकृती आहे आणि मूळ पुतळा शेजारच्या संग्रहालयात आहे.

आता कलोसियम. बाहेरच्या भिंतीवर सर्वत्र देवीच्या व्रणांसारखी भोके दिसतील. पुष्कळांना ती गोळीबाराच्या खुणा वाटतात. प्रत्यक्षात ट्रॅव्हर्टाइन या चुनखडी दगडाचे चिरे एकमेकांना लोखंडी पकडींनी जोडलेले होते. त्या पकडींच्या लोखंडाचा अंदाज सुमारे ३०० टन इतका केला जातो. मध्ययुगात लोखंड दुर्मीळ झाले तेव्हा लोकांनी सांधे कोरून ते काढून नेले. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली आणि तो ढीग म्हणजे शहराची आयती खाण झाली. दगड नेणे थांबले ते अठराव्या शतकाच्या मध्यात, पोप चौदाव्या बेनेडिक्टने ती जागा हुतात्म्यांची म्हणून पवित्र ठरवल्यावर. पुन्हा तेच: पूजेचा आधार मिळाला आणि दगड राहिले.

मोजपट्टी

शिळाप्रेमी, मनःपूर्वक आभार. हा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. भोकांची गोष्ट ऐकताना त्यांनी चष्मा पुसला, म्हणजे लक्ष लागले आहे. नंतर त्यांनी एकच विचारले, "चिरे लोखंडाने जोडले होते, मग चुना कशात वापरला?" याचे उत्तर मला देता आले नाही.

चुनेगच्ची

आपल्या वडिलांचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत चुन्याशी बरीच झटापट केली आहे.

कलोसियमचा बाहेरचा सांगाडा घडीव चिऱ्यांचा, कोरडा बसवलेला आणि लोखंडाने आवळलेला आहे. आतल्या कमानी, भिंती आणि पाया यांत मात्र चुन्याचे काँक्रीट आहे. रोमन लोक चुन्यात वाळूऐवजी ज्वालामुखीची राख मिसळत. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावाच्या परिसरातील राख यासाठी विशेष नावाजलेली होती, त्यामुळे अशा राखेला ‘पोत्सोलाना’ हे नाव पडले. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आवळतो, म्हणून जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षे कच्चा राहतो. राखमिश्रित चुन्यात मात्र पाण्याच्या साहाय्याने रासायनिक बंध तयार होतात, त्यामुळे तो पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. बंदरांचे धक्के त्यांनी याच मिश्रणाने बांधले. या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. ती पूर्वी कालवणीतली निष्काळजी समजली जात असे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे मांडले गेले की, भेग पडून पाणी आत गेले की हेच खडे विरघळतात आणि ती भेग पुन्हा भरून काढतात. आपल्याकडील बैलघाणीत मळलेल्या चुन्याचा अनुभव असलेल्या माणसाला यात फारसे नवल वाटणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, कलोसियमपेक्षा अधिक वेळ पँथिऑनला द्यावा. घुमटाचा आतील व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून वरच्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच आहे. म्हणजे आत एक पूर्ण गोल बसेल. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेला हा घुमट सळईविना उभा असलेला जगातील सर्वांत मोठा काँक्रीटचा घुमट आहे. त्याचे रहस्य खडीत आहे. तळाशी जड दगडाची खडी, वर चढत जाताना विटांचे तुकडे आणि शेवटी पाण्यावर तरंगेल इतका हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड. जाडीही खाली सुमारे सहा मीटर आणि माथ्याशी सव्वा मीटरच्या आसपास. मधला झरोका आठ-नऊ मीटरचा आणि उघडा आहे, पाऊस सरळ आत येतो. फरशीला किंचित उतार असून पाणी जाण्यासाठी बारीक भोके ठेवली आहेत. ओव्हरसियर माणूस ती भोके शोधल्याशिवाय बाहेर पडणार नाही, याची मला खात्री आहे.

शिळाप्रेमींच्या युक्तीलाही ही वास्तू जुळते. ६०९ मध्ये तिचे चर्च झाले आणि तेव्हापासून ती वापरात आहे. तरीही चर्च झाल्याने सगळेच वाचले असे नाही. सतराव्या शतकात पोप आठव्या अर्बनने दर्शनी मंडपाच्या छपरातील कांस्य काढून घेतले. त्याचे घराणे बार्बेरिनी. "बार्बेरियनांनी (म्हणजे रानटी टोळ्यांनी) जे केले नाही ते बार्बेरिनींनी केले" असा टोमणा तेव्हापासून रोममध्ये प्रचलित आहे.

पाटबंधारे खात्यातील माणसाला मी एक दिवस जलसेतूंच्या उद्यानात नेईन. मेट्रोच्या ए मार्गावर सुबाउगुस्ता स्थानकापासून चालत जाता येते, तिकीट नाही आणि गर्दीही नाही. क्लॉडियसचा जलसेतू तेथे कमानींच्या रांगेने शेतातून निघालेला दिसतो. त्याचे काम इ. स. ३८ मध्ये सुरू होऊन ५२ मध्ये पूर्ण झाले. शेजारी सोळाव्या शतकातील फेलिचे जलसेतू आहे, तो जुन्या जलसेतूच्या मार्गावर आणि पुष्कळसा त्याच्याच दगडांतून उभा केलेला आहे. प्राचीन रोमला असे ११ जलमार्ग होते. पंप नाही, दाब नाही, केवळ उतार. इ. स. ९७ मध्ये फ्राँटिनस हा शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्याने लिहून ठेवलेल्या ग्रंथात कोणत्या जलमार्गातून किती पाणी निघते आणि किती पोहोचते याचा हिशेब तर आहेच, शिवाय नळाला गुपचूप भोक पाडून पाणी विकणाऱ्या खात्यातल्याच माणसांविषयीची तक्रारही आहे. वडिलांना हे जरूर सांगा; त्यांच्याकडेही दोन-चार किस्से निघतील.

त्रेवी कारंजे आईला पाहायचे असेलच. त्याला आजही पाणी मिळते ते इ. स. पू. १९ मध्ये अग्रिपाने आणलेल्या ‘व्हर्गो’ जलमार्गाच्या वारशातून. हा मार्ग बहुतांशी जमिनीखालून येतो आणि त्यामुळेच तो पुष्कळ अंशी टिकून राहिला.

उंबरठा

चर्चा उत्तम चालली आहे, पण शिळाप्रेमी यांच्या सूत्राशी मी पूर्ण सहमत नाही. "वापर राहिला म्हणून वास्तू राहिली" हे अथेन्समध्ये नेऊन पाहा. पार्थेनॉन इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधले गेले. देवीचे मंदिर, नंतर चर्च, नंतर मशीद असा त्याचा सुमारे दोन हजार वर्षे अखंड वापर झाला. १६८७ मध्ये ते उडाले तेही वापरामुळेच, कारण तुर्कांनी त्यात दारूगोळा साठवला होता आणि व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा नेमका त्यावर पडला.

पुढची गोष्ट मला अधिक खटकते. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर अक्रोपोलिसवरील, म्हणजे पार्थेनॉन ज्या टेकडीवर आहे तिच्यावरील, नंतरच्या काळातील जवळजवळ सर्व बांधकामे काढून टाकण्यात आली. मशीद गेली, घरे गेली आणि १८७५ मध्ये प्रवेशद्वाराशेजारचा मध्ययुगीन बुरूजही पाडला गेला. आज आपण जे पाहतो, ते अथेन्सचा प्राचीन पुढारी पेरिक्लीस याच्या काळाचे अवशेष म्हणून स्वच्छ केलेले शिल्प आहे. रोममध्येही मुसोलिनीने १९३२ मध्ये कलोसियमपर्यंत सरळ रस्ता काढला, तेव्हा मध्ययुगीन वस्तीचा एक मोठा भाग भुईसपाट झाला आणि सम्राटांच्या फोरमचा काही भाग त्या रस्त्याखाली गाडला गेला. मोजपट्टी नऊ वर्षांपूर्वी ज्या कठड्यावर उभे होते, तो बहुधा याच रस्त्याचा असावा. तेव्हा "हे उभे कसे?" याच्या जोडीला "येथून काय हटवले?" हेही विचारावे.

शिळाप्रेमी

उंबरठा, दुरुस्ती मान्य. पार्थेनॉनमुळे माझे सूत्र ढिले पडते, हे कबूल करतो. तरीही ‘हटवणे’ आणि ‘सावरणे’ यांत फरक करायला हवा. त्याची उदाहरणे रोममध्येच, एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर आहेत.

कलोसियमच्या पूर्व टोकाला, जेथे बाहेरची उंच भिंत अचानक संपते, तेथे विटांचा एक जाड तिरपा टेकू आहे. १८०७ च्या सुमारास भूकंपाने खिळखिळी झालेली ती बाजू सावरताना वास्तुविशारद स्टर्नने कमानी पुन्हा बसवल्या नाहीत. कमानीचे दगड जसे खाली घसरले होते तसेच ठेवून त्यांच्यात विटांचे काम भरले, त्यामुळे पडण्याचा तो क्षणच तेथे थिजून राहिला आहे. वीसेक वर्षांनी पश्चिम टोक सावरताना वालाडिए याने वेगळी वाट धरली आणि विटांत नव्या कमानी रचून मूळ आकार पुढे नेला. एकाच वास्तूच्या दोन टोकांना दुरुस्तीच्या दोन विचारसरणी उभ्या आहेत आणि कोणती बरोबर, यावर आजही वाद होऊ शकतो.

याच वालाडिएने टायटसची कमान दुरुस्त केली. मूळ कमान संगमरवराची आहे; नष्ट झालेले भाग त्याने ट्रॅव्हर्टाइनमध्ये आणि कोरीव कामाशिवाय केले, म्हणजे जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते हे पाहणाऱ्याला कळावे. ठिगळ दिसू देण्याचा हा प्रामाणिकपणा मला त्या कमानीवरच्या विजयशिल्पांइतकाच मोलाचा वाटतो.

आजीची_पिशवी

आईंच्या गुडघ्यांबद्दल कोणीच लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहिते. पाँपेईच्या रस्त्यांवर लाव्हाचे मोठाले गोटे बसवलेले आहेत, गाड्यांच्या चाकांनी त्यांत खोल चाकोऱ्या पडल्या आहेत आणि सावली जवळजवळ नाही. मी स्वतः गुडघ्याला पट्टा बांधून फिरले आहे. अँफिथिएटरच्या बाजूच्या प्रवेशद्वारापासून सुरू होणारा, चढउतार कमी केलेला तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा एक मार्ग तेथे आखलेला आहे. त्यानेच जावे, त्यावरून मुख्य रस्त्यावरची घरे आणि चौक दिसतात. सकाळी दार उघडताच आत शिरावे, दुपारी बाहेर पडावे आणि सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये.

तेही जड वाटले तर हर्क्युलेनियमला जा. ते लहान आहे, दोन तासांत होते आणि पाँपेईत जे नाही ते येथे आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उष्ण राखेच्या लोटांखाली गाव सुमारे २० मीटर गाडले गेले, त्यामुळे लाकूड कोळसा होऊन टिकले. दारांच्या चौकटी, तुळया, एक सरकते लाकडी पार्टिशन, अगदी एक पाळणासुद्धा सापडला. पूर्वीच्या समुद्रकिनाऱ्यावरील होड्यांच्या कमानींत सुमारे ३०० माणसांचे सांगाडे मिळाले. आसरा घ्यायला जमलेली ती माणसे होती. तेथे मी फार वेळ थांबू शकले नाही.

गोदाकाठ

पाँपेईचा विषय निघालाच आहे तर वडिलांच्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे "आपल्याकडे काय कमी आहे?" याकडे मी थोडे वेगळ्या वाटेने येतो.

१९३८ मध्ये पाँपेईतील एका घरात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तिची उंची वीतभराहून थोडी अधिक. दागिन्यांनी मढलेली, एक हात पाठीवर दुमडलेला आणि दोन्ही बाजूंना बुटक्या दासी. मूर्ती अस्सल भारतीय आहे. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असेही अनेकांचे मत आहे. माथ्यातून खाली छिद्र असल्याने ती एखाद्या तिवईचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटण्याआधी ती तेथे पोहोचली होती, एवढे मात्र निर्विवाद आहे.

ती कोठून गेली असेल? तिच्याशी कमालीचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात दोन ठिकाणी मिळाल्या: धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे. त्यामुळे पाँपेईतील मूर्ती सातवाहनांच्या मुलखात घडली असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. तिच्यावरील खरोष्ठी या प्राचीन लिपीतील एक खूण पाहून काहींना वायव्येकडचा संबंधही वाटतो, म्हणून वाद मिटलेला नाही. मात्र पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी-खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे तेर, ही नावे स्पष्ट आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. कल्याण आणि सोपारा ही बंदरेही त्यात आहेत. उलट दिशेने आलेला पाहुणा पाहायचा असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तेथे आहे.

ही ‘लक्ष्मी’ आज पाँपेईत नसून नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पाँपेईतील उत्तमोत्तम वस्तू तेथेच आहेत. फाउनच्या घरातील अलेक्झांडरचे प्रसिद्ध कुट्टिमचित्रही (मोझेक) तेथेच. म्हणून आधी पाँपेई आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालय असा क्रम ठेवा, म्हणजे रिकाम्या भिंती मनात असताना त्यांच्यावरची चित्रे पाहता येतील.

दूरदेशी

गोदाकाठ, मी या संग्रहालयात चार वेळा जाऊन त्या मूर्तीपुढून सरळ निघून गेलो आहे. आता पाचव्यांदा जाणे आले.

मोजपट्टी

आम्ही परत येऊन दहा दिवस झाले. सर्वांचे ऋण मान्य करून वृत्तांत थोडक्यात देतो.

कलोसियमच्या दारावर वडिलांच्या तिकिटावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव जुळेना. दूरदेशींनी इशारा देऊनही मी आडनाव मधे लिहिले होते, म्हणजे चूक माझीच. रखवालदाराने वडिलांकडे एकवार पाहिले आणि हसून सोडले. आत शिरण्याआधी वडिलांनी बाहेरच्या कमानींवरचे रोमन आकडे वाचायला सुरुवात केली. मूळ ८० दारांपैकी उत्तरेकडच्या उभ्या भिंतीतील २३ ते ५४ एवढ्या कमानींवर आकडे शिल्लक आहेत. शेवटचा चोपन्न हा आकडा शाळेत शिकवतात तसा नसून एल पुढे चार उभ्या रेघा असा आहे. "मुकादमाचा हात दिसतो," असे ते म्हणाले.

स्टर्नच्या टेकूपुढे आम्ही पाऊण तास होतो. घसरलेले दगड आणि त्यांच्यात भरलेल्या विटा वडील बराच वेळ न बोलता पाहत राहिले. नंतर त्यांनी मला त्यांच्या नोकरीतली एका जुन्या बंधाऱ्याची गोष्ट सांगितली. सांडव्याची भिंत फुगली होती, वरून ती पाडून नवी बांधण्याचा आदेश आला होता आणि यांनी पावसाळा तोंडावर असल्याने तिला फक्त टेकू देऊन धरून ठेवले होते. पन्नास वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. वालाडिएची बाजू त्यांना पसंत पडली नाही. "काम चांगले आहे, पण काय झाले होते ते कळत नाही," एवढाच शेरा.

पँथिऑनमध्ये त्यांनी फरशीतील भोके अर्थातच शोधली. जलसेतूंच्या उद्यानात आई एका दगडावर बसून राहिली आणि आम्ही दोघे कमानी मोजत फिरलो. फ्राँटिनसची तक्रार ऐकून ते इतके मोठ्याने हसले की, कुत्रा फिरवणारी एक बाई थांबून पाहू लागली.

पाँपेईत आजीची_पिशवी यांनी सांगितलेला मार्गच घेतला. रस्ता ओलांडण्यासाठी बसवलेले उंच दगड, त्यांच्यामधून चाके जाण्यासाठी सोडलेल्या फटी, दुकानांच्या ओट्यांत बसवलेले रांजण, भिंतींवर रंगवलेल्या निवडणुकीच्या घोषणा यांपुढे आईसुद्धा रमली. वेशीजवळची पाणीवाटपाची इमारत मात्र तिला चढ नको म्हणून वडिलांनी आणि मी पाहिली. उंचावरून आलेले पाणी तेथे तीन वाटांनी विभागले जाई आणि शिशाच्या नळांनी गावभर फिरे. इ. स. ६२ च्या भूकंपाने ही व्यवस्था मोडली होती आणि ज्वालामुखी फुटला तेव्हा तिची दुरुस्ती चालूच होती, हे कळल्यावर वडील काही क्षण थांबले. अर्धवट राहिलेल्या कामाचे त्यांना नेहमीच वाईट वाटते.

नेपल्सच्या संग्रहालयात ती हस्तिदंती मूर्ती पाहिली. माझ्या कल्पनेपेक्षा ती पुष्कळच लहान निघाली. आई म्हणाली, "हिच्या पायातले तोडे बघ, कोपरापर्यंतच्या बांगड्या बघ." वडिलांनी विचारले, "तेर म्हणजे गोरोबाकाकांचेच ना?" मी होय म्हणालो. आम्हा तिघांपैकी कोणीही तेरला गेलेले नाही.

गोदाकाठ

होय, गोरोबाकाकांचेच तेर. तेथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आहे, त्यात तेरची हस्तिदंती मूर्ती पाहता येईल. त्याशिवाय वडिलांसाठी खास सांगतो: गावात त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याचा मागचा भाग अर्धगोल आणि छप्पर गजपृष्ठाकार आहे, म्हणजे लेण्यांतील चैत्यगृहाचा आकार, पण विटांत बांधलेला. मुळात ते बौद्ध चैत्यगृह होते आणि पुढे विष्णूचे मंदिर झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. पूजा आजही चालू आहे.

मोजपट्टी

हे वडिलांना आत्ताच वाचून दाखवले. विटेचे माप किती, असे ते विचारत आहेत. माहीत असल्यास कळवावे. नसल्यास दिवाळीनंतर आम्ही तिघे ढोकीमार्गे तेरला जाणारच आहोत, तेव्हा मोजून येथेच लिहीन.